नोटीस चढवून दाखवा

संकेतस्थळावर मजकूर चढवायची नवी प्रणाली कार्यालयात आली की प्रात्यक्षिक देतो तो ती बनवणारा. त्याच्या हाताखाली ती सरळच चालते. रोज नोटिसा चढवणाऱ्यांच्या हातात देऊन पाहा.

1. चाचणीला माणसं पाच पुरेत. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांच्या 2000 सालच्या हिशेबानुसार एवढ्यांत साधारण 85 टक्के अडचणी उघड्या पडतात. मात्र पाचही एकाच प्रकारचं काम करणारे हवेत. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांचा गट वेगळा, त्यातले तीन-चार वेगळे बसवा.

2. चाचणी सरावाच्या प्रतीवर घ्या, पण लॉगिन ज्याचं त्याच्याच अधिकाराचं द्या. ॲडमिनच्या खात्यावर सगळंच सुरळीत दिसतं. उदाहरणार्थ, वर्डप्रेसमध्ये 'कॉन्ट्रिब्यूटर' दर्जाच्या खात्याला मसुदा लिहिता येतो, फाइल मात्र चढवता येत नाही. नोटिशीला पीडीएफ जोडायची वेळ आली की लिपिक तिथेच अडकतो, आणि ॲडमिनला त्याचा पत्ता नसतो.

3. कामं चार-पाच द्या. "'नवीन पोस्ट' दाबा" असं लिहिलंत तर पेपर फुटलाच. "शुक्रवारची बैठक सोमवारी गेली, सूचना दुरुस्त करा" असं लिहा. उद्या सकाळी 10 वाजता दिसेल अशी नोटीस लावायला सांगा, चुकून बदललेला मजकूर पूर्ववत करायला सांगा. फायली त्यांच्याच टेबलावरच्या घ्या. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधलं परिपत्रक वर्डमधून चिकटवलं की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. नमुन्याच्या स्वच्छ मजकुरावर ही गोष्ट कधीच कळणार नाही.

4. साहेबांना खोलीबाहेर ठेवा. तुम्ही बाजूला, किंचित मागे बसा. "परीक्षा प्रणालीची आहे, तुमची नाही. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा," एवढं सांगा आणि गप्प बसा. हेच सगळ्यांत कठीण. "इथंच दाबू ना?" असं विचारलं तर "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच म्हणा. "माझंच चुकलं हो" हे वाक्य कानावर आलं की तो पडदा आणि ते बटण टिपून ठेवा.

5. प्रत्येक कामापुढे वेळ लिहा. स्वतः जमलं, मदतीने जमलं की सोडून दिलं, तेही लिहा.

6. शेवटी जॉन ब्रूक यांची 1986 मधली दहा विधानांची 'सस' (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावली भरून घ्या. प्रत्येक विधानाला 1 ते 5 गुण. विषम क्रमांकाच्या गुणांतून 1 वजा करा, सम क्रमांकाचे गुण 5 मधून वजा करा, बेरजेला 2.5 ने गुणा. सरासरी 68 च्या आसपास मानतात. हा आकडा टक्केवारी नव्हे. अहवालात तसा छापू नका.

7. त्याच संध्याकाळी टिपणं चाळा. चुकीची नोटीस प्रसिद्ध होऊ शकते अशा अडचणी आधी, रंग-आकाराच्या तक्रारी नंतर. दुरुस्ती झाली की पुन्हा चाचणी घ्या, पण माणसं नवी बोलवा. आधीच्या पाचांना वाट पाठ झालेली असते.