डब्यातला सॅमन, बर्फावरचा सॅमन

सिअ‍ॅटलच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींत दोन समज पक्के आहेत. इथला सॅमन समुद्रातून निघतो तो थेट आपल्या ताटात येतो, हा एक. आणि डबाबंद मासा म्हणजे महिनाअखेरीला विद्यार्थ्यांनी पोटाला घालायची चीज, हा दुसरा. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगितल्यापासून आमच्याकडे सॅमन रोजच्या स्वयंपाकात आला आणि दोन्ही समज हळूहळू निकालात निघाले. पहिल्यापायी एक रात्र फार वाईट गेली, म्हणून आधी तेच सांगते.

रविवारी सेलमध्ये घेतलेला लांबट तुकडा होता. पाकिटावर गुरुवारची तारीख, म्हणून बुधवारी संध्याकाळी निवांत काढला. आलं-लसूण, हळद, मालवणी मसाला आणि थोडं आगळ लावून तव्यावर टाकला. नवऱ्याने चवीने खाल्ला; माझा उपास होता आणि मुलीने वरणभातावर भागवलं. रात्री अकराच्या सुमारास त्याला उलट्या सुरू झाल्या आणि पहाटे सलाइन लावायची वेळ आली. माशामुळेच झालं असं कोणी छातीठोकपणे सांगितलं नाही, पण ताटातला दुसरा कोणताच पदार्थ त्याने एकट्याने खाल्लेला नव्हता. पुढे दुकानात जाऊन विचारलं, तर काउंटरवरच्या मुलाने अगदी सहज सांगितलं की मासा गोठवूनच आला होता, शनिवारी वितळवून बर्फावर मांडला. दराच्या पाटीवर, किमतीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं.

गोठवलेला मासा वाईट असतो असं नाही. बोटीवरच गोठवलेला मासा कित्येकदा आठवडाभर ट्रकमध्ये फिरलेल्या ‘ताज्या’पेक्षा सरस निघतो. गोम आहे ती वितळल्यानंतरच्या दिवसांत. कच्चा मासा फ्रिजमध्ये एक, फार तर दोन दिवस. वितळवून विकलेला असेल तर ते दिवस तुम्ही विकत घ्यायच्या आधीच सुरू झालेले असतात. पाकिटावरची तारीख दुकानाच्या हिशेबाची असते, तुमच्या फ्रिजला ती लागू नाही. त्यामुळे मी आता काउंटरवर एकच प्रश्न विचारते, ‘हा कधी वितळवला?’ उत्तर देताना माणूस घुटमळला, की पुढे चालू लागते.

आपल्या वाटणात मोठी ताकद आहे आणि नेमकी तीच इथे घात करते. आंबूस वास आलं-लसणात आणि आगळात बेमालूम दडतो. मसाला लावायच्या आधी मासा नाकाशी न्यायचा, आणि तोही फ्रिजमधून काढून पाच मिनिटांनी; गारठलेल्या माशाला वास कमीच येतो. अर्थात वास चांगला आहे म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. दिवसांची मोजदाद सोडायची नाही.

रत्नागिरीला आई मासा घ्यायची ती कल्ले उचलून, डोळ्यांत बघून. इथे ट्रेमध्ये नुसता कातलेला तुकडा, ना डोळे ना कल्ले. मग बघायचं काय? मांसाचे पदर एकमेकांना चिकटलेले हवेत. मध्ये फटी पडल्या असतील, कडा तपकिरी पडून सुकल्या असतील, ट्रेच्या तळाशी पाणी साचलं असेल, तर तो नको. रंगावर मात्र भाळू नका. शेतातल्या, म्हणजे पाळलेल्या सॅमनचा केशरी रंग त्याच्या खाद्यात मिसळलेल्या रंगद्रव्यातून येतो. दुकानात ‘अटलांटिक’ असं लिहिलेला सॅमन जवळजवळ सगळा पाळलेलाच असतो, नॉर्वे, चिली नाहीतर कॅनडाचा. अलास्कात मत्स्यशेतीला १९९० पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिथला सॅमन समुद्रातला आणि नद्यांच्या मुखाशी पकडलेला. त्याचा हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. जानेवारीत कोणी तुम्हाला अलास्काचा ‘ताजा’ सॉकाय जातीचा सॅमन देऊ लागला, तर तो वितळवलेला आहे असं धरून चालावं.

आता डबा. अमेरिकेत जुन्या पद्धतीचा सॅमनचा डबा घेतलात तर त्यात बहुधा अलास्काचा पिंक किंवा सॉकाय असतो. पिंक स्वस्त, फिकट आणि कमी चरबीचा, सॉकाय लालभडक आणि चवीला दमदार. कच्चे तुकडे काटा-कातडीसकट डब्यात भरतात, चिमूटभर मीठ टाकतात, झाकण बंद करतात आणि मग अख्खा डबा दाबाखाली सुमारे १२० अंशांवर तासाभराहून जास्त शिजवतात. आपल्या कुकरचंच तत्त्व. डब्यात जे पाणी दिसतं ते वरून घातलेलं नसतं, माशाचाच रस असतो. मी तो कधी ओतून देत नाही.

या शिजण्यात काटे इतके मऊ होतात की बोटाने चिरडले जातात. कॅल्शियम असतं ते त्यांतच. काट्यांसकटच्या शंभर ग्रॅम डबाबंद सॅमनमधून दोनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळतं. ताज्या तुकड्यात ते जेमतेम दहा-पंधरा. सासूबाई इथे राहायला आल्या तेव्हा त्यांच्या हाडांच्या तपासणीचा अहवाल बरा नव्हता आणि दूध त्यांना पचत नाही. ‘डब्यातलं शिळंपाकं मला देऊ नकोस हो,’ म्हणाल्या. मी वाद घातला नाही, कटलेट केले. दुसऱ्या खेपेला त्यांनीच डबा फोडून काटे चिरडायला घेतले. ‘बिनकाट्याचा, बिनकातडीचा’ डबा मिळतो, तो महागही असतो आणि त्यातलं हे कॅल्शियमही गेलेलं असतं. मुलांना मणक्याचे ते गोल मणी दिसायला नको असतील तर काट्याने चिरडून टाका, कळणारही नाही.

एकदा मुलगी ओरडली, ‘आई, काच!’ तिच्या बोटावर तांदळाच्या कणीएवढा पारदर्शक खडा होता, कडा धारदार. असा खडा डबाबंद सॅमनमध्ये अधूनमधून निघतो. माशातलंच मॅग्नेशियम, अमोनिया आणि फॉस्फेट एकत्र येऊन त्याचे स्फटिक होतात, नाव स्ट्रुवाइट. खडा वाटीत टाकून वर व्हिनेगर ओतलं आणि वाटी मंद गॅसवर ठेवली. थोड्या वेळात तो झिजत झिजत नाहीसा झाला. काच कधी विरघळणार नाही. नाहीच विरघळला तर मात्र डबा उचलून दुकानात जा.

डब्याचे दोष मीही मानते. पहिला मिठाचा. ताज्या सॅमनमध्ये शंभर ग्रॅमला पन्नास-साठ मिलिग्रॅम सोडियम, डब्यात साडेतीनशे-चारशेपर्यंत. रक्तदाबवाल्यांनी बिनमिठाचा डबा शोधावा, आणि बाकीच्यांनी मीठ घालायच्या आधी चव घ्यावी. दुसरा दोष खुद्द डब्याचा. १९८२ साली अलास्काच्या डबाबंद सॅमनमधून बोटुलिझम होऊन बेल्जियममध्ये एकजण दगावला. डब्याच्या पत्र्याला कारखान्यातल्या यंत्रामुळे बारीक छेद गेला होता आणि लाखो डबे परत मागवावे लागले. असं क्वचितच घडतं, पण फुगलेला, गळका, गंजलेला किंवा शिवणीवर चेपलेला डबा फुकट मिळाला तरी घेऊ नये. त्यातला मासा चाखूनसुद्धा बघायचा नाही, बोटुलिझमचं विष जिभेला कळत नाही.

मग करायचं काय त्याचं? इथेच बहुतेकांची निराशा होते, कारण ते डब्यातला मासा कालवणात टाकतात. तो आधीच पुरता शिजलेला असतो. उकळीत त्याचा भुगा होतो आणि रस्सा गढूळ. त्याला सुकटीसारखं वागवा. कांदा लालसर परता, हिरवी मिरची, हळद, तिखट, दोन-तीन आमसुलं, मग डब्यातला रस आणि शेवटी मासा. दोन वाफा पुरेत. वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. भाकरी इथे नसली तर गरम भात. कटलेटसाठी रस निथळून घ्या, पण टाकू नका. त्यातच भिजवलेला पाव सारणात घाला आणि रव्यात घोळवून तळा.

ताज्या सॅमनचा गोंधळ वेगळाच. रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात म्हणून लोक त्याला रावसासारखाच करायला जातात. दोघांचं नातं काही नाही. सॅमन तेलकट, तेव्हा हिशेब बांगड्याचा धरावा. नारळाच्या दाट रसात तो जड होतो. तिरफळ आणि आमसूल घातलेल्या पातळ, आंबट कालवणात खुलतो. तळताना वर पांढरा चीक फुटू लागला की तो जास्त शिजतोय, गॅस बंद करा. आतलं तापमान ६३ अंशांना पोचलं की झालं. आणि घरी सुशी करायची हौस असेल तर समुद्रातला ताजा सॅमन कच्चा खाऊ नका, त्यात कृमी असू शकतात. उणे २० अंशांवर सात दिवस गोठवला तर त्या मरतात. घरचं फ्रीझर तितकं थंड होतं का, ते थर्मामीटर ठेवून बघावं.

आमच्याकडे आता आठवड्याच्या मधल्या वारी डबा, आणि ताजा मासा फक्त हंगामात, तोही आणला त्याच संध्याकाळी चुलीवर. फोडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये सरकवत नाही. उरलेलं काचेच्या भांड्यात काढते आणि तीन-चार दिवसांत संपवते.

घरात कुत्रा असेल तर ताज्या सॅमनचं डोकं, कातडी, आतडी कच्ची त्याच्यापुढे टाकू नका. आपल्याकडे मांजरा-कुत्र्यांना ती टाकायची सवय असते. पण या किनाऱ्यावरच्या सॅमनमध्ये एक कृमी असते, तिच्या पोटात एक जीवाणू, आणि त्याने कुत्र्याला होणारा आजार उपचाराविना बहुधा जिवावर बेततो. कच्चा तुकडा पोटात गेल्याचं कळलं आणि कुत्र्याने खाणं टाकलं, तर प्राण्यांच्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. वेळेत औषध मिळालं तर तो बरा होतो.