रिपोर्टमधलं ‘पॉझिटिव्ह’ नेमकं कोण म्हणतं?

गेल्या जानेवारीत, भोपाळच्या ऐन थंडीत, ताईच्या दहा महिन्यांच्या बाळाला उलट्या-जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला : ‘रोटाव्हायरस अँटिजन पॉझिटिव्ह’. आजीने विचारलं, “म्हणजे विषाणू दिसला का गं त्यांना?” घरात मायक्रोबायोलॉजी शिकणारी मी एकटीच, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला धड सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे आजीला उशिरा दिलेलं उत्तर.

आधी सरळ उत्तर : नाही आजी, कुणालाच दिसला नाही. हा विषाणू केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट लहान. १९७३ साली मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी आजारी बाळांच्या आतड्याच्या तुकड्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो पाहिला. चाकासारखा दिसतो म्हणून ‘रोटा’. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक. पण असा सूक्ष्मदर्शक प्रत्येक दवाखान्यात कुठून आणणार? तिथे काम करते अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड.

प्रतिपिंड विषाणूला अख्खा ओळखत नाही. त्याच्या अंगावरच्या एखाद्या प्रथिनाचा छोटासा भाग तेवढा ओळखतो आणि तिथेच चिकटतो. रोटाव्हायरसच्या अंगावर कवचाचे तीन थर असतात. सगळ्यात बाहेर व्हीपी-७ प्रथिनाचा थर आणि त्यातून बाहेर आलेले व्हीपी-४ चे ६० काटे. मधला थर व्हीपी-६ चा, त्याच्या ७८० प्रती. त्याच्या आत व्हीपी-२.

मला गंमत वाटली ती इथे. नेहमीची तपासणी सगळ्यात बाहेरचा थर शोधतच नाही, मधला शोधते! कारण बाहेरचा थर जातीजातीत बदलतो. मुलांना आजारी पाडणाऱ्या नेहमीच्या रोटाव्हायरसांत मधला बराचसा सारखाच राहतो. शिवाय बाहेरचा थर कॅल्शियमच्या आधाराने टिकतो. तो सुटला की मधला उघडा पडतो. शौचाच्या नमुन्यात असे उघडे कण असतातच.

एलायझा तपासणीत प्लास्टिकच्या छोट्या खळग्याला प्रतिपिंड आधीच चिकटवलेलं असतं. त्यात नमुना घालायचा. विषाणू असेल तर अडकतो, बाकीचं धुऊन जातं. मग एन्झाइम जोडलेलं दुसरं प्रतिपिंड घालायचं, पुन्हा धुवायचं आणि शेवटी रसायन घालायचं. रंग आला की पॉझिटिव्ह. धुण्यात आळस केला तर रंग उगाचच येतो, हे मी प्रॅक्टिकलमध्ये स्वतः अनुभवलंय!

आता ताईचा प्रश्न : “लस दिली होती ना, मग कसं झालं?” मध्य प्रदेशात ही लस सरकारी लसीकरणात २०१७ पासून आहे. ती गंभीर आजाराचा धोका कमी करते. प्रत्येक संसर्ग अडवत नाही. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटच्या ‘रोटासिल’ लशीत गाईच्या विषाणूला माणसाच्या विषाणूचं व्हीपी-७ दिलेलं आहे, तेही पाच प्रकारांचं. म्हणजे लशीत बाहेरचं कवच महत्त्वाचं, तपासणीत मधलं. म्हणूनच ‘रोटाव्हायरस आहे का?’ याचं उत्तर व्हीपी-६ देतं, ‘कुठला?’ हे विचारायचं तर व्हीपी-७ कडे जावं लागतं. नुकताच डोस घेतलेल्या बाळाच्या शौचात लशीतला जिवंत विषाणूही सापडू शकतो, आणि साधी तपासणी त्यात फरक करत नाही.

उलट ‘निगेटिव्ह’ आलं म्हणजे पोटात काहीच नाही, असंही नव्हे. नोरोव्हायरससारख्या दुसऱ्या विषाणूवर हे प्रतिपिंड चिकटणारच नाही. आपण जे विचारलं, त्याचंच उत्तर ते देतं.

त्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, “दस्त लगे हैं, अँटिबायोटिक दे दो.” रिपोर्टचा खरा उपयोग तेव्हा झाला. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, म्हणून डॉक्टरांनी ते दिलंच नाही. पण ओआरएस ताईने रिपोर्टची वाट न बघता आदल्या रात्रीच चमच्या-चमच्याने सुरू केलं होतं, अंगावरचं दूधही चालू ठेवलं होतं. बाळ सावरलं ते त्यामुळे.

आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे तुझं ते प्रतिपिंड आंधळ्यासारखं चाचपून ओळखतं.” मित्रांनो, परीक्षेत ही व्याख्या चालणार नाही. लक्षात मात्र हीच राहील.