रीडिंग बसवू नका!

मित्रांनो, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल म्हणजे काय? सीनियरच्या जर्नलमधला रिझल्ट बघायचा आणि त्यावर रीडिंग 'बसवायचं'! मीही हेच करत आलो. पण गेल्या दिवाळीत थळला घरी गेलो आणि बी.एड. करणाऱ्या ताईने डोळे उघडले.

तिच्या मॅडमनी उद्याच्या या केमिस्ट्री शिक्षकांना कृती दिलीच नव्हती. दिला होता एकच प्रश्न : तुमच्या गावच्या विहिरीत समुद्र किती शिरलाय? नमुने कुठले, पद्धत कुठली, सगळं आपलं आपण ठरवायचं. हेरन या अभ्यासकाने 1971 साली प्रयोगांच्या पायऱ्या मांडल्या, त्यातली ही वरून दुसरी. आपल्याकडे होशंगाबादच्या शाळांत 1972 पासून मुलं स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकली.

ताईच्या गटाने सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन निवडलं. पोटॅशियम क्रोमेटचा पिवळा रंग विटकरी झाला की थांबायचं. पहिल्याच दिवशी फजिती! समुद्राच्या 10 मिली पाण्यावर 50 मिलीची ब्युरेट रिकामी झाली, तरी रंग बदलेना. मग हिशेब केला. समुद्रात लिटरमागे सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड, म्हणजे 0.02 नॉर्मल द्रावण 268 मिली लागणार! पाणी शंभरपट पातळ केल्यावर 2.7 मिलीत काम झालं. ही गोष्ट कृतीच्या कागदावर असती तर कोणाच्या लक्षात राहिली असती?

खरी गंमत पुढे. किनाऱ्याजवळची विहीर जास्त खारट असणार असं सगळे धरून चालले होते. पण आतल्या वाडीतल्या विहिरीचा आकडा मोठा आला. ताई म्हणाली, "चुकलं असेल, बदलू का?" मॅडमनी एवढंच विचारलं, "पुन्हा काढलंत?" तीन वेळा काढलं, तेच आलं.

त्या विहिरीवर दिवसभर पंप चालतो. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ढोबळ नियम असा, की गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर उतरली तर खालचं खारं पाणी सुमारे 40 मीटर वर सरकतं. कारण हेच असेल का? वाडीवाल्या काकांनी विचारलं, "मग पंप बंद करू?" ताई म्हणाली, "काका, एका दिवसाच्या रीडिंगवरून नाही सांगता येणार. पावसाळ्यानंतर आणि मे महिन्यात पुन्हा मोजू."

रीडिंग बसवलं असतं, तर हा प्रश्नच पडला नसता. उद्या आपल्यापैकी कुणी लेक्चरर होईल, कुणी प्लँटवर जाईल. तिथे सीनियरचं जर्नल नसतं!