राखण हवी, पण जाळीबाहेरून

प्रश्न : शेतवस्तीवर कारवान कुत्रा आहे. परसात गिरिराज कोंबड्या पाळल्या तर दोन्ही एकत्र नांदतील का?
– एक वाचक, ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर : नांदतील, मात्र भरवसा कुत्र्याच्या स्वभावावर नव्हे, जाळीवर ठेवा. मराठवाड्यातला कारवान हा नजरेनं शिकार हेरून सशामागं धावणारा कुत्रा. फडफडून पळणारा जीव दिसला की त्याची पाठलागाची ऊर्मी जागी होते. ती केवळ भुकेपोटी नसते, म्हणून पोटभर भाकरी घालूनही थांबत नाही. शिवाय गिरिराज अंगानं जड. गावरान कोंबडीसारखी ती चटकन झाडावर उडत नाही. पातळ षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण जोर लावणाऱ्या कुत्र्याला अडवत नाही. त्यामुळे जाड वेल्डमेश लावा आणि ती फूटभर जमिनीत गाडा.

‘आमचा कुत्रा कोंबड्यांकडे ढुंकूनही बघत नाही,’ असं कुणी म्हणेल. मालक समोर असताना ते खरंही असेल. माघारी, भटक्या कुत्र्यांच्या संगतीत तोच वेगळा वागू शकतो. पट्टा लावून जाळीबाहेरून रोज ओळख करून द्या, शांत बसला की खाऊ द्या, मारू नका. मग मुंगसापासून राखण कोण करणार? कुत्राच, पण जाळीबाहेर फिरून. आतली राखण पक्क्या खुराड्याची. मेलेली कोंबडी त्याच्यापुढं टाकू नका, चटक लागते आणि रोगही पसरतो. चुना घालून खोल पुरा.