थांबायचं की कमवायचं?

२००५ च्या करारानुसार अमेरिकी मुलाला शाळा संपल्यावर वर्षभर थांबल्याशिवाय एनबीएच्या ड्राफ्टमध्ये जाता येत नाही. कॉलेजच्या संघात तेव्हा पगार नव्हता. म्हणून २००८ साली ब्रँडन जेनिंग्ज रोमच्या क्लबात पगारावर खेळला. २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्याची निवड दहावी झाली.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून जुनं. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी बोर्डाने निवडीची हमी दिली नाही, तेव्हा विनू मांकडांनी हॅसलिंग्डन क्लबशी करार केला. पहिली कसोटी हरल्यावर त्याच बोर्डाने त्यांना क्लबकडून मागून घेतलं. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या. कर्णधार होते आपल्या बडोद्याचे विजय हजारे.

कारेलीबागेतही आम्ही खेळणाऱ्या मुलांना ‘जरा थांब’ म्हणतो. हमी देता येत नसेल, तर त्यांच्या कमाईला नावं ठेवू नयेत.