बुद्धीचा झरा

विहिरीचे पाणी नित्य उपसले की झरे मोकळे राहतात. उपसा थांबला की ते बुजू लागतात. मनुष्याच्या बुद्धीचेही तसेच आहे. वय वाढले म्हणजे दृष्टी मंदावते, पावले जड होतात, ओठांवरचे नाव चटकन आठवत नाही. तरीही मेंदूची शिकण्याची शक्ती वार्धक्यात नाहीशी होत नाही. नवे काही शिकताना मेंदूतील पेशींमध्ये म्हातारपणीही नवे दुवे जुळतात.

नाशिकजवळच्या देवळाली गावी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे शिक्षक राहत असत. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणू येथे झाला. गणिती कोडी सोडविण्याचा छंद त्यांना शाळेत असतानाच जडला आणि तो त्यांनी जन्मभर जोपासला.

१९४९ साली त्यांना ६१७४ ह्या संख्येतील नवल गवसले. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या करून त्यांची वजाबाकी करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. शून्य आल्यास तोही अंक धरावा. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास :

५४३२ – २३४५ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच, आणि मग ती बदलत नाही!

कित्येक विद्वानांना हे काम क्षुल्लक वाटले. १९६२ साली कापरेकर निवृत्त झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून ते शिकवण्या करीत. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. तथापि संख्यांशी जडलेले त्यांचे सख्य तुटले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्या अमेरिकन लेखकाने त्यांच्या कार्यावर लिहिले आणि वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे नाव जगभर पसरले. १९८६ साली ते निवर्तले. ६१७४ ही संख्या मात्र आजही ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते.

कोडे म्हणजे काही जादूचा मंत्र नव्हे. एकाच तऱ्हेचे कोडे रोज सोडविल्यास हात बसतो तो त्या कोड्यापुरताच. म्हणून बुद्धीला निरनिराळे खाद्य हवे. नवी भाषा, नवे पद, नवा हस्तव्यवसाय शिकावा. नित्य चालावे, पुरेशी झोप घ्यावी आणि चार माणसांत मिसळावे. एकटेपणाने मनही मरगळते.

मुलांनो, घरातील वडीलधाऱ्यांना ‘आता तुम्हांला काय जमणार?’ असे कधी म्हणू नका. आजीकडून एखादे जुने कोडे ऐका आणि तिला ६१७४ चे कोडे घाला. त्या खेळात दोघांच्याही बुद्धीचे झरे मोकळे होतील.