गाडी एकाची, जबाबदारी दोघांची

दहावीचा निकाल लागला की साऱ्या मराठवाड्यातून मुले-मुली शिकवणीसाठी लातूर आणि नांदेडला येतात. पहाटेची शिकवणी, दुपारचे कॉलेज, रात्रीची अभ्यासिका या धावपळीसाठी घरून स्कूटी किंवा मोटारसायकल मिळते. खिशात मोबाईल असतोच. सुटी लागली की हीच मुले लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड रस्त्याने गावाकडे निघतात. गाडीवर बहुधा दोघे असतात, कधी तिघेही! अपघात झाला की आपण चालवणाऱ्याला उपदेश करतो. आज मला मागे बसणाऱ्याविषयीही चार गोष्टी सांगायच्या आहेत.

दवाखान्यात गुडघे सोललेली, मनगट सुजलेली मुले नेहमीच येतात. "कसे झाले?" असे विचारले की चालवणारा म्हणतो, "काही नाही डॉक्टर, फोन कोणाचा आला तेवढं बघितलं." मागे बसलेला हळूच सांगतो, "मला दिसत होतं, पण म्हटलं त्याला राग येईल." मित्राच्या रागाची ही भीती कधी कधी फार महाग पडते.

लक्ष विचलित होते म्हणजे काय?

तीन गोष्टी घडतात. नजर रस्त्यावरून हटते, हात हँडलवरून सुटतो आणि मन दुसरीकडे जाते. मोबाईल वापरताना या तिन्ही एकदम होतात. साधा हिशेब पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. मेसेज पाहण्यात दोन सेकंद गेले तर ३३ मीटर अंतर न पाहता कापले जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत आणखी एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. आपल्या भागात तेवढ्या अंतरात दिवे नसलेली उसाची ट्रॉली, वाळत घातलेले सोयाबीन, न दिसणारा गतिरोधक किंवा आडवी आलेली म्हैस असू शकते.

"मी तर कानात इअरफोन घालतो, हात मोकळे असतात," असे मुले सांगतात. परंतु अडचण फक्त हातांची नाही. आपला मेंदू दोन अवघड कामे एकाच वेळी करीत नाही, तो एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. बोलण्यात गुंतलेल्या माणसाचे डोळे उघडे असतात, तरी समोरचे त्याच्या ध्यानात येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वाहन चालवताना मोबाईल वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि इअरफोनने तो फारसा कमी होत नाही.

मागे बसणाऱ्याचा उपयोग

फोनवर बोलणाऱ्याला आपला रस्ता दिसत नाही, मागे बसलेल्याला दिसतो. समंजस सोबती वळण आले की आपोआप गप्प होतो. उलट थट्टामस्करी करणारा सोबती धोका वाढवतो. धोका तोलणारा मेंदूचा भाग साधारण पंचविशीपर्यंत पक्व होत असतो. त्यामुळे मित्र पाहत असताना तरुण मुले एकटी असतानापेक्षा जास्त धाडस करतात. तुम्ही मागे बसून त्याला चढवणार की सांभाळणार, हे तुमच्या हातात आहे.

यासाठी पुढील पथ्ये पाळावीत:

१) निघण्यापूर्वी चालवणाऱ्याने फोन मागच्याकडे द्यावा. कॉल घेणे, रस्ता पाहणे हे काम त्याचे. एकटे असाल तर फोन आवाज बंद करून डिकीत ठेवावा.

२) "थांब, गाडी बाजूला घे" हे वाक्य आधीच ठरवून ठेवावे. ते ऐकताच रागवायचे नाही, असा करार करावा. तरीही न ऐकणाऱ्याच्या गाडीवर पुन्हा बसू नये.

३) चालत्या गाडीवर सेल्फी, रील अजिबात नको.

४) हेल्मेट दोघांनीही घालावे. ट्रिपल सीट टाळावी.

५) मोटारीत मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत झालेल्या अपघातात केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे निधन झाले. ते मागच्या आसनावर बसले होते. मागे बसलो म्हणजे सुरक्षित, हा समज चुकीचा आहे.

पालकांसाठी

मुलगा वाटेत असताना "कुठवर आलास?" म्हणून वारंवार फोन करू नये. आईचा फोन आहे म्हटल्यावर तो चालत्या गाडीवरही उचलणारच. "पोचल्यावर कळव" असे निघतानाच सांगावे. चुकून फोन लागलाच तर पहिला प्रश्न "गाडीवर आहेस का?" हा असावा, आणि "हो" म्हटले की लगेच फोन ठेवावा. स्वतः गाडी चालवताना फोन उचलणाऱ्या वडिलांचा उपदेश मुले ऐकत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद कायद्यात आहे.

मोडलेले हाड महिना-दीड महिन्यात सांधते. डोक्याला लागलेला मार मात्र आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतो, आणि डॉक्टर होण्यासाठी शहरात आलेले मूल अंथरुणाला खिळते. म्हणून उद्या गाडीला किल्ली लावण्याआधी मागे बसणाऱ्याने हात पुढे करून एवढेच म्हणावे, "आधी फोन दे."